कुत्रं आणलं, मांजर ठेवलं

कुत्रं बरं की मांजर, असा वाद शाळेच्या स्टाफरूममध्ये निघाला की मी डबा उघडतो आणि खाली मान घालून जेवायला लागतो. कुणी मोबाइलवर पुण्यातल्या कुणाच्या तरी कुत्र्याचा वाढदिवस दाखवतं, कुणी मांजराचे गुण गातं. मला विचारलं तर मी म्हणतो, काहीच पाळू नये. लोक हसतात, त्यांना वाटतं मास्तर थट्टा करतात. पण मी दमलोय. दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्या घरात आला होता आणि त्याचा निकाल मी एकट्यानं लावला होता.

आमचं शेत आखाडा बाळापूरच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून दोनेक किलोमीटर आत आहे. आमच्याकडे शेतातल्या राहत्या घराला आखाडा म्हणतात. आई गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, गावातलं घर बंद करून आखाड्यावरच राहायला गेले. सोबत एक तांबडं कुत्रं आणि एक काळं-पांढरं मांजर. दोघांनाही काम होतं. कुत्रं रानडुकरांवर आणि रोह्यांवर, म्हणजे नीलगायींवर, धावायचं, मांजर सोयाबीनच्या पोत्यांपाशी उंदरांची वाट बघत बसायचं. दोघांची आपसात दोस्ती नव्हती. एकमेकांकडे बघायचीही नाहीत. आबांच्या ताटातली भाकर दोघांना मिळायची, कुत्र्याला दुधाशिवाय आणि मांजराला दुधात कुस्करून.

मग आबा पाण्याच्या मोटारीपाशी घसरून पडले. मनगट मोडलं, कमरेला मुका मार लागला. शेजारच्या शेतातल्या माणसाला ते दुपारी दिसले, पडले होते सकाळी. डॉक्टरांनी सांगितलं की आता यांना एकटं ठेवू नका. मी कळमनुरीत राहतो, शाळा तिथून जवळ, बायकोची पिठाची गिरणी घराच्या पुढच्या खोलीत. आबांना आमच्याकडे आणायचं ठरलं. जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिली; बटईदार बायकोसह आखाड्यावरच राहणार होता. ठरवलं मी आणि बायकोनं, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या.

बायकोची एकच अट होती. एक जनावर आणा, दोन नको. ती सकाळी सहाला गिरणी सुरू करते आणि दिवसभर पिठानं पांढरी होऊन फिरते, तिला मी काय म्हणणार? तेव्हा मी आखाड्यावर जाऊन आबांना विचारलं की दोघांतलं एकच नेता येईल, कुत्रं न्यायचं की मांजर. ते बाजेवर बसून प्लॅस्टरमधल्या हाताची बोटं हलवून बघत होते. म्हणाले, तुझ्या सोयीनं बघ. मला हायसं वाटलं.

निर्णय अवघड नव्हता. घर बदललं की कुत्रं माणसांच्या मागं येतं आणि मांजर जागेपाशी राहतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. घर हलवताना टेम्पोत कुत्रं चढतं, मांजर मागं राहतं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. बटईदारालाही पोत्यांपाशी मांजर हवंच होतं. शिवाय मला वाटलं, आबांना ओळखीचं जनावर दारात दिसलं की त्यांचा जीव रमेल. मला भीती होती ती तेवढीच. मुलांकडे राहायला येऊन म्हातारी माणसं सहा महिन्यांत खचल्याचं मी दोन-तीन घरांत पाहिलं होतं, आणि माझ्या घरात मला ते बघायचं नव्हतं.

टेम्पोत बाज चढली, पेटी चढली, कुत्रं तर हाक मारायच्या आधीच चढलं. मांजर पोत्यावर बसून पाय चाटत होतं. आबांनी एका हातानं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाटीत दूध ओतलं आणि दाराच्या आत ठेवलं. त्याला हाक मारली नाही. मी मनात म्हटलं, बघा, मांजराला आहे का काही सोयरसुतक.

कळमनुरीत आल्यावर पहिल्याच दिवशी तमाशा झाला. गिरणीवर डबे घेऊन दिवसभर बाया येतात, पोरं येतात. कुत्र्याला वाटलं, सगळेच चोर. प्रत्येकाच्या अंगावर ते भुंकायचं. चार दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीवर जायला लागली आणि बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागली. मी साखळी आणली. कुत्रं मागच्या अंगणात, नळाच्या खांबाला. आबाही मागच्याच खोलीत. तिथून त्यांना अंगणाची भिंत आणि भिंतीवरची पाण्याची टाकी दिसायची. हाही निर्णय सोयीचाच होता.

भिंतीपलीकडे चाचा राहतात. मोटार वाइंडिंगचं दुकान मुलांवर सोपवून ते घरीच असतात. त्यांच्याकडे चार मांजरं. पहिल्या आठवड्यात ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की नमाजाला निघताना कुत्रं कपड्यांना लागलं तर पुन्हा धुणं आलं, तेवढं सांभाळा. मी म्हटलं, साखळीतच असतं. ते म्हणाले, मग तकलीफ नाही. संध्याकाळी ते स्वतःच आबांपाशी येऊन बसायला लागले आणि त्या दोघांत हाच वाद रंगायचा. चाचा म्हणायचे, मांजर साफ, स्वतःचं अंग स्वतः धुतं, कुणाचे उपकार घेत नाही. आबा कुत्र्याची बाजू घ्यायचे. दिवसभरात ते बोलायचे तेवढंच. एरवी टीव्ही चालू आणि ते भिंतीकडे बघत. भाकरी दीडवरून एकीवर आली, एकीवरून अर्धीवर. बायकोनं काही कमी केलं नव्हतं. कढी, ठेचा, शेंगांची चटणी, जे म्हणाल ते. ते काही म्हणतच नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात कुत्रं साखळीतून मान काढून पळालं. दोन दिवसांनी बटईदाराचा फोन आला की तुमचं कुत्रं इथं आलंय, पाय सोलवटलेत. वीस किलोमीटरच्या वर रस्ता, ट्रकच्या वाहतुकीचा. मी रविवारी जाऊन रिक्षात घालून आणलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा माझ्या सासूबाईंनी फोनवरून उपाय सांगितला. भाकर काखेत धरून ठेवायची, घामाचा वास मुरला की कुत्र्याला खाऊ घालायची, मग ते माणूस सोडत नाही. मी मराठी आणि विज्ञान शिकवतो. तरीही आंघोळीआधी सदरा काढून, काखेत भाकरीचा तुकडा दाबून मी अर्धा तास पलंगावर बसलो. बायको दारातून बघून निघून गेली, हसलीसुद्धा नाही. कुत्र्यानं भाकर खाल्ली, शेपटी हलवली आणि पाच दिवसांनी तिसऱ्यांदा पळालं.

या वेळी मात्र मी आबांनाच बरोबर घेतलं. म्हटलं, मालकाला बघून तरी शहाणपणानं येईल. प्लॅस्टर निघालं होतं. मोटारसायकलवर ते माझा खांदा धरून बसले. बाळापूर मागं टाकून कच्च्या रस्त्याला लागलो तसा त्यांचा हात खांद्यावरून सुटला. मला वाटलं तोल जातोय. मागं बघितलं तर ते दोन्ही बाजूंची हळद बघत होते, कुणाच्या शेतात किती वाढली ते.

कुत्रं दारातच पडलेलं होतं. आबांना बघून आलं, हात चाटला आणि परत आपल्या जागी जाऊन बसलं. म्हणजे आम्ही पाहुणे. बटईदार फवारणीला गेलेला. त्याच्या बायकोनं बाजेची एक जागा आमच्यासाठी झटकली आणि चहा ठेवला. आबा बसले. तेवढ्यात पोत्यांमागून मांजर आलं. वाळलं होतं. सरळ आबांच्या मांडीवर चढलं, दोनदा गोल फिरलं आणि धोतरात तोंड खुपसून बसलं. जागेशिवाय कुणाचं नसतं म्हणून मागं ठेवलेलं ते मांजर. बटईदाराची बायको म्हणाली की रोज संध्याकाळी ते रस्त्याकडच्या बांधावर जाऊन बसतं. मी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून पडलं.

आबांनी दोन भाकरी खाल्ल्या. वांग्याची भाजी मागून घेतली. आवाजही मोठा झाला त्यांचा. मोटारीचा पाइप कुठं गळतो ते बटईदाराच्या बायकोला सांगत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसता थकवा आला. वर्गातली मुलं, गिरणी, डॉक्टर, ही वीस किलोमीटरची येरझार, सगळं एकदम अंगावर आल्यासारखं झालं.

उन्हं कलली तशी मी कुत्र्याच्या गळ्यात दोर घातला. ते चारी पाय रोवून बसलं. मी ओढलं, ते घासत आलं.

"राहू दे त्याला," आबा म्हणाले. "काहून ओढून राहिला?"

मी चिडलो, खोटं कशाला बोलू. म्हणालो, "आबा, तुमच्यासाठीच आणलं होतं ना? तुम्हाला विचारूनच तर नेलं."

ते मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आवाज चढवला नाही.

"कुत्रं का मांजर, ते इचारलंस लेका. मी येतो का, हे न्हाई इचारलंस."

बटईदाराची बायको भांडी घेऊन आत गेली. मी दोर सोडला. मग आबांनीच मांजर उचलून बाजेवर ठेवलं, टोपी नीट केली आणि उठले. म्हणाले की सुनेला गिरणी बंद करून वाट बघत बसावं लागेल, चल. मी गाडी सुरू केली. ते मागं बसले आणि माझा खांदा धरला.

रस्ताभर मी मनात जबाब जुळवत होतो. डॉक्टर काय म्हणाले, मोटारीपाशी किती तास पडून होते, पुन्हा पडले तर कोण धावेल. त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण मी विचारलं नव्हतं, कारण ते नाही म्हणतील हे मला पक्कं माहीत होतं, आणि नाही म्हणाले असते तरी मी त्यांना आणलंच असतं.