उजव्या पायाचा ब्रेक

कुंदाला पोलिओ झाला तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. पुढे डाव्या पायात कॅलिपर आलं. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे, आणि उजव्या हातात काठी. तेवढ्यावर ती शिकली, बँकेच्या परीक्षा दिल्या, आणि अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑफिसर असलेल्या चिंतामणीनं तिला पसंत केलं तेव्हा तिनं त्याला आधी चालूनच दाखवलं. म्हणाली, "हे असं आहे. नीट बघून घ्या." त्यानं नीट बघितलं आणि लग्न केलं.

चिंतामणीची आई, सुनंदाबाई, या लग्नाला खूश नव्हती. पण एकदा सून घरात आल्यावर तिनं कधी वाकडा शब्द काढला नाही. दोघींचं बरं चाललं होतं. मग वृंदा झाली, आणि वृंदा सात महिन्यांची असताना कुंदा तिला घेऊन जिन्यावरून पडली. तेव्हा ते पहिल्या मजल्यावर राहत होते. जिना ओला होता, काठी सरकली. कुंदाला खरचटलं, पोरीचं खांद्याचं हाड मोडलं. हाड महिनाभरात जुळलंही. पण त्या दिवसापासून कुंदानं लेकीला उचलायला हात पुढे केले की सुनंदाबाई त्याआधी पोहोचलेली असायची. "असू दे गं, मी घेते." बस, एवढंच. रागावून नाही, टोमणा मारून नाही. कुणी एकदा काय ते बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं कुंदाला वाटायचं. चिंतामणीनं तळमजल्यावरची जागा घेतली, विषय संपला. वृंदा आजीच्या कडेवर बागेत गेली, आजीच्या कडेवर बाजारात गेली, आजीचं बोट धरून बालवाडीत गेली. घराचा उंबरा ओलांडून कुंदा आपल्या लेकीबरोबर एकटी अशी कधी गेलीच नाही.

१९९१ साली मुलगा झाला. बारशाला नाव ठेवलं, पण घरात त्याला सगळे बाळच म्हणायचे. तो दोन महिन्यांचा झाला तेव्हा एका संध्याकाळी जेवताना कुंदा म्हणाली, "आपण बाबागाडी घेऊ या का?"

सुनंदाबाईनं वाढता हात थांबवला. "कशाला गं? ती मोठ्या लोकांची थेरं. आणि कडेवर वाढलेली पोरं काही पांगळी होत नाहीत."

शब्द तोंडातून गेला आणि तिच्याच लक्षात आला. चिंतामणी ताटात बघत राहिला. वृंदानं पाणी मागितलं, म्हणून बरं झालं. सुनंदाबाई पाणी आणायला उठली ती बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिली.

रविवारी चिंतामणी उल्हासनगरला गेला आणि कॅम्प नंबर तीनच्या बाजारातून बाबागाडी घेऊनच आला. इंपोर्टेड होती. आकाशी रंगाची, छताला झालर, चकचकीत दांडे, घडी घातली की छत्रीएवढी. आजूबाजूची पोरं दारात जमली. चिंतामणी पुनःपुन्हा घडी घालून उघडून दाखवत होता. "बघ, एका हातानं होते. लक्झरी आयटम आहे."

कुंदानं दांड्यावर हात ठेवले आणि सवयीनं जरा भार दिला. गाडीची पुढची चाकं उचलली गेली. तिनं पटकन हात काढले. चाकं बघितली तर इवलीशी, खेळण्याला असतात तशी. ब्रेकचा खटका डाव्या पायाशी. आपल्याला बरोबर नेलं असतं तर, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नवरा एवढ्या हौसेनं दाखवत होता. ती म्हणाली, "छान आहे."

पुढे महिनाभर गाडी खोलीत कोपऱ्यात उभी होती. बाळाला तीत घालून सुनंदाबाई अंगणात दोन फेऱ्या मारी, तेवढाच तिचा उपयोग.

बाळाचा पोलिओचा तिसरा डोस एकदा ताप आल्यामुळे चुकला. दवाखाना रुळांच्या पलीकडे, आणि डोस फक्त बुधवारी मिळायचा. पुढच्या बुधवारच्या आदल्या दिवशी बदलापूरहून निरोप आला की सुनंदाबाईची बहीण पडून आहे. सुनंदाबाई पिशवी भरता भरता म्हणाली, "मी शुक्रवारी येते. डोस पुढच्या बुधवारी देऊ. आठवड्यानं काय होतंय?"

कुंदा हो म्हणाली. पण तिच्या स्वतःच्या आईनंही एकदा असंच म्हटलं होतं की ताप आहे, दोन दिवसांनी दाखवू. बुधवारी सकाळी चिंतामणी कामावर गेला. शेजारणीनं सांगितलं की आज रिक्षांचा बंद आहे. कुंदा थोडा वेळ खुर्चीत बसून राहिली. मग तिनं कॅलिपरचे पट्टे आवळले, बाळाला गाडीत निजवलं, काठी गाडीच्या खालच्या जाळीत ठेवली आणि वृंदाला म्हणाली, "दांडा धर. सोडायचा नाही."

सपाट रस्त्यावर बरं चाललं होतं. भार द्यायचा नाही, नुसते हात टेकवायचे, हे तिला जमायला लागलं. लोक बघत होते. बघू देत. ऊन कोवळं होतं, बाळ झालरीकडे बघून पाय झाडत होतं. आपण आपली दोन मुलं घेऊन रस्त्यानं चाललो आहोत, असं तिनं मनातल्या मनात म्हणून बघितलं.

रेल्वेचं फाटक उघडं होतं. ती पहिल्या रुळावरून गेली. दुसऱ्या रुळाशी गाडी थांबली. तिनं ढकललं, गाडी हलेना. खाली बघितलं तर पुढचं उजवं चाक रूळ आणि दगडी फरशी यांच्यामधल्या फटीत उभं बसलं होतं, जणू त्या फटीसाठीच केलं असावं. तिनं दांडा दाबून चाक उचलायचा प्रयत्न केला, तर चाक निघेना, नुसती गाडी मागं कलंडायला लागली. बाळ रडायला लागलं.

आणि फाटकाची घंटा वाजायला लागली.

सायकलवाले वाकून भराभर पलीकडे गेले. कुणी ओरडलं, "ओ ताई, चला." फाटक खाली येता येता मध्येच थांबलं. दूर बदलापूरच्या बाजूला शिटी झाली. कुंदानं वृंदाचा हात दांड्यावरून सोडवला. "ती फाटकवाल्याची चौकी दिसते? तिथं जा. पळ. मागं बघू नको."

"तू?"

"मी आलेच. जा."

पोरगी पळाली. आता बाळ. त्याच्या पोटावर पट्टा होता आणि पट्ट्याचा खटका दोन्ही अंगठ्यांनी दाबल्याशिवाय सुटत नसे. दोन्ही हात खटक्याला लावायचे म्हणजे कशालाच न टेकता, ताठ कॅलिपरवर, वाकून उभं राहायचं. तिनं पाय फाकवले. अंगठे घामानं सरकले. एकदा, दोनदा. पुन्हा शिटी झाली. बाळाच्या रडण्यानं तिला काही सुचेना, मग तिनं त्याच्याकडे बघायचंच सोडलं आणि फक्त खटक्याकडे बघितलं. खटका सुटला. तिनं बाळाला डाव्या खांद्यावर टाकलं, जाळीतून काठी ओढली.

जिन्यावरून पडल्यापासून तिनं मूल घेऊन चार पावलंसुद्धा टाकली नव्हती. आधी काठी, मग लोखंडी पाय, मग चांगला पाय. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तिनं जमीन बघितली. घाई केली नाही. घाई केली तर पडणार, हे तिला या जगात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. रूळ ओलांडला, खडी ओलांडली, आणि चौकीच्या भिंतीला पाठ लावली. वृंदा तिच्या पदराला बिलगली.

फाटकवाला कोंडाजी रुळांवर गेला, गाडीला हिसडा देऊन ती ओढत घेऊन आला. एक चाक तिथंच राहिलं. मग त्यानं फाटक पाडलं. आगगाडी धडधडत गेली, आणि तो तिला पाण्याचा तांब्या देत म्हणाला, "घाबरू नका, बाई. फाटक पडल्याशिवाय तिला शिग्नल भेटत नाय. थांबली असती ती."

हे कुंदाला ठाऊक नव्हतं. पाणी पिऊन तिनं मोडकी गाडी चौकीत ठेवली, आणि बाळाला तसंच खांद्यावर घेऊन सावकाश दवाखान्यात गेली. डोस पाजला.

सुनंदाबाई शुक्रवारी आली ती सगळं ऐकूनच आली. वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. घरात शिरली, बाळाला पायापासून डोक्यापर्यंत चाचपून बघितलं, आणि चिंतामणीला म्हणाली, "ती गाडी भंगारात दे. आणि पुन्हा हिला एकटीला बाहेर सोडू नकोस."

चिंतामणी मान हलवणार तेवढ्यात कुंदा बोलली. आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला.

"आई, जिन्यात मी पडले. ते माझं. परवा मी पडले नाही. परवा गाडी अडकली. गाडी चुकीची आली होती आणि ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी बोलले नाही, एवढी माझी चूक." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही हौसेनं आणलीत. पण ढकलणार मी होते. आता मी निवडते."

सुनंदाबाईनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"कधी जायचंय?" सुनंदाबाईनं विचारलं. "मी येते."

ती सोबतीला येत होती की अडवायला, हे कुंदाला कळलं नाही.

सोमवारी दोघी बाळाला घेऊन रिक्षानं कॅम्प तीनला गेल्या. गल्लीत जीन्सचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्या, शिलाईयंत्रांचा आवाज, चालायला जागा नाही. चिंतामणीनं आधीची गाडी इथूनच नेली होती हे ऐकून दुकानदार लछमनदासनं तसलीच दुसरी गाडी पुढे केली. "भाभी, ये देखो, कालच आलाय माल. एकदम हलका."

"हलकी नको. जड दाखवा."

लछमनदासला ते नवीन होतं. त्यानं एकेक गाडी काढायला सुरुवात केली. कुंदा प्रत्येक गाडीशी काठी बाजूला ठेवून उभी राही आणि दांड्यावर सगळं अंग टाकी. कलंडली की म्हणे, दुसरी. एकीचा दांडा फार खाली होता. एकीचा पट्टा पुन्हा दोन हातांचा. एकीचा ब्रेक डाव्या पायाशी, आणि तिचा डावा पाय ब्रेक दाबू शकत नव्हता. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. सुनंदाबाई बाळाला छातीशी धरून स्टुलावर बसली होती.

शेवटी लछमनदासनं माळ्यावरून एक उतरवून घेतली. गडद निळी, घाटदार, रबरी टायरची सायकलसारखी मोठी चाकं, खाली स्प्रिंगा. मागं मोठ्या मुलाला उभं राहायला पाटही होता. "ये रॉयल चीज आहे, पण कोणी घेत नाही. बोलतात, भारी आहे."

कुंदानं अंग टाकलं. गाडी जागची हलली नाही. तिनं ती ढकलली, आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठीशिवाय चालत गेली. परत आली. ब्रेकची आडवी पट्टी दोन्ही चाकांना जोडलेली होती, उजव्या पायानंही दाबता येत होती.

"उतारावर बघायचंय," ती म्हणाली.

दुकानातून रस्त्यावर उतरायला फरशीचा उतार होता आणि खाली हातगाड्यांची ये-जा. लछमनदास म्हणाला, "मी कापडाचा गठ्ठा ठेवतो आत."

"गठ्ठा नको," सुनंदाबाई स्टुलावरून उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही सुनेला घेऊन निघणार. तिनं बाळाला गाडीत निजवलं, पट्टा लावला आणि स्वतः जाऊन उताराच्या तळाशी हात पसरून उभी राहिली.

कुंदानं गाडी उतारावर घेतली. मध्यावर आणून उजव्या पायानं पट्टी दाबली. खाली सासूचे पसरलेले हात दिसत होते. तेच हात, नेहमी आधी पोहोचणारे.

"आई," ती म्हणाली, "बाजूला व्हा."

"अगं..."

"तुम्ही उभ्या राहिलात तर मला कळणार नाही."

सुनंदाबाईनं एकदा बाळाकडे बघितलं, एकदा कुंदाच्या पायाकडे, आणि दोन पावलं बाजूला सरली. हात मात्र खाली घेतले नाहीत. एक हातगाडीवाला गठ्ठे घेऊन अगदी समोरून गेला.

कुंदानं दांड्यावरचे हात उचलले.

गाडी उतारावर उभी होती. स्प्रिंगा जरा कुरकुरल्या, बस. बाळानं जांभई दिली. कुंदानं मनात दहा म्हणेपर्यंत वाट पाहिली, मग हात ठेवले.

"हीच," ती म्हणाली.

सुनंदाबाई वर आली, पदरानं तोंड पुसलं आणि लछमनदासकडे वळली. "कोणी घेत नाही म्हणालात ना? मग भाव नीट सांगा." ती मग तासभर भांडली, आणि तिचा आवाज पहिल्यासारखा झाला.

गाडी रिक्षात मावेना. शेवटी एका टेम्पोत घालून आणली. आधी आधी सुनंदाबाई बरोबर जायची, थोडी मागून. कुंदा रुळांवरून गाडी अगदी काटकोनात नेई, चाक फटीवरून आडवं जाईल अशी. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी कुंदा बाळाला निजवून, वृंदाला मागच्या पाटावर उभं करून निघाली, तर सुनंदाबाई दारातच तांदूळ निवडत बसलेली. उठली नाही. कुंदा अंगणाच्या फाटकापर्यंत गेली असेल-नसेल, मागून हाक आली.

"येताना कोथिंबीर आण गं."

बाजारात त्या दिवशी कोथिंबीर नव्हती. कुंदानं मेथी घेतली, दोन जुड्या, आणि वृंदानं त्या घरी येईस्तोवर हातात धरल्या.