पुढच्या सीटवरचा माणूस

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या चहाला, गारखेड्यातल्या नलूताईंच्या स्वयंपाकघरात एका जुन्या फटफटीच्या दुरुस्तीसाठी पंचवीस हजार रुपये मंजूर झाले. हजर होतो आम्ही चौघे : माझे साडू रतनराव, त्यांच्या पत्नी नलूताई, नलूताईंची धाकटी बहीण म्हणजे माझी बायको सुमन, आणि मी. पैसे नलूताईंच्या ठेवीच्या व्याजाचे होते, त्यामुळे मंजुरीही त्यांचीच. "पंचवीस. त्याच्यावर एक रुपया मागितला तर गाडी भंगारात," असं त्यांनी सांगितलं आणि पैशाचा कारभार माझ्याकडे दिला. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहे, सहीशिवाय माझ्या हातून नटसुद्धा जात नाही, अशी घरात माझी ख्याती आहे. रतनरावांना ती ख्याती मान्य नव्हती. "पैसा याच्या हातात गेला म्हणजे गाडीचं एकच चाक येतंय बघा," ते म्हणाले, आणि कप उजव्या हातानं बशीत ठेवला. डावा हात मांडीवर होता. तो तेव्हा मांडीवरच असायचा.

रतनराव गेले त्याला आता सहा आठवडे झाले. लोक भेटतात तेव्हा पोस्टमास्तर फार हसतमुख होते, असं सांगतात. होतेच. पण मला आठवतो तो त्यांचा हट्ट. देवगाव रंगारीच्या पोस्टातून ते निवृत्त झाले आणि इथं शहरात राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय दोन-तीन महिन्यांत सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मागं राहिला. चहाची किटली धरवत नव्हती, शर्टाचं बटण लागत नव्हतं. नलूताईंकडे स्कूटी होती. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, सगळीकडे त्या पुढं आणि रतनराव मागं, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. एकदा चौकातल्या चहाच्या टपरीवरून कोणीतरी हाक मारली, "काय पोस्टमास्तर, आज रजिस्टर पार्सल कुठं निघालं?" सगळे हसले, रतनरावही हसले. नंतर बरेच महिने ते त्या टपरीवर गेले नाहीत. नलूताईंच्या हे लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. त्या गाडी चालवत होत्या.

मला ते त्या चहाच्या आधीच, त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलले. एका हातानं चिमटे लावायचं काम ते मुद्दाम अंगावर घ्यायचे. म्हणाले, "साडूबुवा, गावाकडं माझी जुनी फटफटी पडलीय. लग्नानंतर नलूला त्याच गाडीवर आणलं होतं मी, देवगावला. परत तिला तसंच मागं बसवून न्यायचंय. एक डाव." मी म्हणालो, तुम्हाला साधं पंक्चर काढता येत नाही. ते म्हणाले, "व्हय, नाय येत. शिकतो." एवढंच. तिसरं वाक्य नाही.

गाडी आणायला आम्ही टेम्पो करून गेलो. जाऊन-येऊन अठराशे रुपये, चढवण्या-उतरवण्यासह. देवगावला त्यांच्या थोरल्या भावाच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागं, ती टू-स्ट्रोक उभी होती. उभी कसली, टेकलेली होती. सीटमध्ये कोंबडीनं घर केलं होतं आणि हँडलला शेळी बांधलेली होती. भाऊ काही खूश नव्हता. "आरं रतन, गाडी न्हेतोस तर ने, पण मी शेळी कुठं बांधू?" त्यावर रतनरावांनी उत्तर दिलं, "शेळीला तिकीट लाव, पोस्टानं मागवून घेतो." परतीच्या वाटेत ते टेम्पोच्या पुढच्या सीटवर न बसता मागं हौद्यात गाडीशेजारी बसले. धुळीनं पांढरे होऊन उतरले.

नंतरचे महिने त्यांच्या घराखालच्या पार्किंगचा एक कोपरा म्हणजे रॉकेलचा वास आणि वर्तमानपत्रावर मांडलेले भाग. पंचवीस हजारांत गॅरेजवाल्याकडे सगळं काम देणं शक्यच नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, इंजिनचं बोअर आणि पिस्टन तेवढं बाहेर, बाकी सगळं घरी. जुन्या बाजारात सायलेन्सर मिळाला, त्याला आतून काजळीचा थर इतका की रतनराव म्हणाले, "याच्यात कोणाचा तरी संसार जळालाय." तीनशे कमी करून घेतला. टायर नवे, कारण त्यात काटकसर करू नये असं मी म्हणालो आणि आमचं पहिल्यांदा एकमत झालं. वायरिंग त्यांनी मोबाइलवर बघून केलं. हॉर्न दाबला की डावा इंडिकेटर लागायचा. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी नातीला देऊन टाकला. "चेंडू दाबून काय मिळतं? चेंडूच मिळतो," म्हणाले, "नट पिळला तर नट तरी निघतो." डाव्या हातात पाना धरायचे, तो निसटायचा. फरशीवर पाना पडल्याचा आवाज वर तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. शेजारचे सुरुवातीला डोकावले, मग सवय झाली.

फ्रेम खरवडून, घासून, रंगासाठी तयार करायचं काम त्यांनी पूर्ण एकट्यानं केलं. गंजानं पडलेले खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरले, वरून पाणकागद मारला. हात फिरवला तर काचेसारखी लागायची. रंग काळा, टाकीवर मरून पट्टा. उन्हात लावली तेव्हा नलूताईसुद्धा खाली आल्या आणि म्हणाल्या, "बाई! ही तर नवरीसारखी दिसायली."

मग कागदपत्रांसाठी आरटीओचं काम बघणारा एजंट आला. गाडीची नोंदणी कधीच संपलेली होती. ती परत करायची तर चेसिस नंबरावर कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून त्याचा छाप द्यावा लागतो. एजंटनं कागद काढला, पेन्सिल काढली आणि हँडलखालच्या नळीपाशी वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. "साहेब, नंबर कुठं आहे?" रतनराव म्हणाले, तिथंच असेल. तिथं काचेसारखी गुळगुळीत नळी होती. गंजाचे खड्डे म्हणून जे त्यांनी प्रेमानं लांबी भरून बुजवले होते, त्यातच तो ठोकलेला नंबर होता...

एजंट पोटभर हसला. सुमननं हे ऐकलं तेव्हा तिचं वाक्य असं : "आयुष्यभर दुसऱ्याच्या पाकिटावर शिक्के मारले आणि स्वतःच्या गाडीचा शिक्का पुसला!" रतनराव मात्र त्या दिवशी हसले नाहीत. त्यांना कळलं होतं. नंबर वाचता आला नाही तर गाडी कागदावर नाहीच; मग ती रस्त्यावर येणार नाही, आणि नलूताई तिच्यावर बसण्याचा प्रश्नच नाही. गाडीला रंग मारणारा पेंटर म्हणाला, ग्राइंडर मारतो, पाच मिनिटांत उघडं पाडतो. मी नको म्हणालो, कारण ग्राइंडरला लांबी आणि लोखंड यांतला फरक कळत नाही. आकड्याची कड गेली तर आमच्यावर नंबर खोडल्याचाच आरोप यायचा. "मग हातानं," रतनराव म्हणाले. "कोणत्या?" मी विचारलं. त्यांनी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं डाव्या हातात घेतलं.

ते काम मी येता-जाता पाहिलं आहे. फडकं दाबून ठेवायचं, लांबी मऊ होऊ द्यायची, मग बांबूच्या कामटीनं टोकरायचं. लोखंडाचं काही वापरायचं नाही, हा त्यांचा स्वतःला घातलेला नियम. डावा हात थकला की उजव्यानं त्याचं मनगट धरायचं, पण कामटी डाव्यातच. मी एकदा न राहवून म्हणालो, "रतनराव, उजव्यानं केलं तर उद्या होईल." ते म्हणाले, "उद्या कोणाला पाहिजे? क्लच डाव्या हाताला हाय." तेव्हा मला कळलं की नंबर आणि क्लच, दोन्ही कामं त्यांनी एकाच बैठकीत लावली होती. पहिला आकडा दिसला तेव्हा मला कारखान्यात फोन आला. मी माल उतरवून घेत होतो. "सात हाय का एक हाय ते कळंना, पण काहीतरी हाय!" सात होता. उन्हाळा लागता लागता सगळा नंबर वर आला. त्याच्याभोवतीची नव्या रंगाची कातडी गेली ती गेलीच. तिथं परत रंग द्यायला त्यांनी नकार दिला. नुसतं तेलाचं बोट फिरवायचे.

क्लचही तसाच आला. गॅरेजवाल्यानं बाजूला दोन जादा चाकं लावून द्यायची तयारी दाखवली होती. त्यात वाईट काही नव्हतं आणि खर्चही बसत होता. "ती ज्याला लागतात त्याला लाव. मला अजून बघू दे," असं त्यांनी त्याला सांगितलं. नवी केबल, भरपूर ग्रीस, थोडा लांब लिव्हर. रोज सकाळी बंद गाडीवर बसून क्लच दाबायचा, सोडायचा. आधी अर्धा दाबला जायचा, मग पाऊण. पूर्ण दाबला गेला त्या दिवशी त्यांनी वर हाक मारली नाही, दाबलेलाच धरून बसले, नलूताई भाजी घ्यायला खाली येईपर्यंत. डॉक्टरांनी हात, पाय, नजर सगळं तपासून, दोनदा बोलावून, मगच हो म्हटलं. आरटीओच्या मैदानात इन्स्पेक्टरनं छाप ताडून पाहिला आणि एक फेरी मारून दाखवा, असं सांगितलं. रतनरावांनी दोन मारल्या. धूर इतका निघाला की रांगेतला एक जण ओरडला, "काका, डास मेले सगळे!" विमा, कर, फी धरून खर्च पंचवीसच्या आत बसला. ते नलूताईंना सांगताना त्यांचा आवाज पोस्टातल्यासारखा झाला होता.

पावसाळाभर ते ती गाडी एकट्यानं चालवत राहिले. दूध, किराणा, पेन्शनचं काम. एके दिवशी त्या टपरीसमोर थांबले, चहा प्यायले, पैसे देऊन आले. आणि दर रविवारी नलूताईंना विचारायचे, "चला, देवगाव." नलूताई नाही म्हणायच्या. आधी म्हणाल्या, रस्ता खराब आहे. मग म्हणाल्या, पाऊस आहे. शेवटी म्हणाल्या, "माझी साडी चाकात गेली म्हणजे? मी नाय बसत." खरं कारण वेगळं होतं, ते त्यांनी सुमनजवळ बोलून दाखवलं. मागं बसलेल्या माणसाच्या वजनानं रतनरावांचा हात दगा देईल आणि ते आपल्यामुळं पडतील, म्हणून. रतनरावांनी वाद घातला नाही. "बरं," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सकाळी नलूताईंचा फोन आला. "भाऊजी, या." त्यांचा आवाज शांत होता, त्यामुळेच मी चप्पल न घालता निघालो. रतनराव खुर्चीत होते. दुसरा झटका. डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल...

रतनरावांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्यांपैकी एकानं जाताना मला बाजूला घेऊन गाडीचं विचारलं, चाळीस हजार द्यायला तयार होता. मी नलूताईंना सांगितलं, कारण आकडा लपवणं मला जमत नाही. त्या म्हणाल्या, "त्याला सांगा, मालकानं अजून काम पुरतं केलेलं नाय." मला अर्थ लागला नाही. त्यांनाही लागला होता की तोंडातून गेलं, कोणास ठाऊक.

गेल्या रविवारी मी आणि सुमन तिथंच होतो. सलीमभाई वेल्डर आले. त्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. त्यांना काही माहीत नव्हतं, गावाला गेले होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी जाळी : साडी गार्ड, खाली आडवी पायपट्टी, काळा रंग दिलेला. "साब ने नाप देके बनवाए थे. घर में नहीं क्या?" सुमननं सांगितलं. ते तिथंच पायरीवर बसले. थोड्या वेळानं मी खिशात हात घातला आणि किती झाले विचारलं. सलीमभाईंनी मान हलवली. "चार सौ बोले थे, लेकिन अभी नक्को भाई. साब बोलके गए, भाभी पीछे बैठींगे, तबीच पैसे लेना. उसके पैले नहीं."

मी म्हणालो, आता त्याला काय अर्थ आहे, घ्या. ते घेईनात.  मी खिशातला हात तसाच बाहेर काढला. नलूताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बसवा ते," म्हणाल्या.

सलीमभाईंनी पार्किंगमध्ये गाडीवरची चादर काढली. गार्ड बसायला वेळ लागला नाही, माप बिनचूक होतं. मी गाडी डबल स्टँडवर नीट आहे का, ते दोनदा पाहिलं. नलूताईंनी पदर खोचला, पायपट्टीवर पाय ठेवला आणि एका बाजूनं मागच्या सीटवर बसल्या. साडी जाळीला टेकली. पुढं कोणी नव्हतं. त्या तशाच बसून राहिल्या. सुमन माझा हात धरून उभी होती.

मग त्यांनी कमरेचा बटवा काढला. "बसले," त्या म्हणाल्या. "आता घ्या."

चारशे रुपये, रोख, सलीमभाई वेल्डर यांना. दिले नलूताईंनी, गाडीवरून न उतरता.