आधी खजिना, मग वाट

त्या रविवारी मी अनसिंगहून रिसोडला भास्करकडे खेळायला निघालो होतो. एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत होतो, खिशात वीस बाजूंचा फासा होता. प्रवीणचा फोन आला. "कुठी पोचला गा?" त्याने विचारलं, आणि मग सांगितलं... भास्कर सकाळी दुकानाचं शटर उघडता उघडता कोसळला, तो गेलाच. मी त्याच गाडीने, त्याच्याच घरी गेलो, फक्त खेळायला नाही. याला आता दोन महिने होत आले.

भास्कर मोटारपंपांचं रिवाइंडिंग करायचा. जळालेली मोटार खोलून नवी तार भरणं हा त्याचा धंदा, आणि गोष्टी रचणं हा नाद. पुण्याच्या भाच्याने एकदा सुट्टीत हा रोल-प्लेइंगचा खेळ आणला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं होऊन आपण काय करतो ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. भाचा परत गेला, खेळ भास्करकडे राहिला. औषधांच्या दुकानातला प्रवीण, शाळेतले युसूफ सर आणि मी, तिघं चाळिशी उलटलेले बाप्ये दर रविवारी दुपारी त्याच्या ओसरीवर बसून भुयारं धुंडाळायचो. त्याची बायको सविता चहा ठेवताना म्हणायची, "लेकरं मोठे झाले, आता हे लेकरं झाले."

इतर लोक आधी गुहा आणि राक्षस रचतात, शेवटी सोन्याचा हंडा ठेवून मोकळे होतात. भास्कर आधी खजिना ठरवायचा, मग तिथवरची वाट. आणि त्याचा खजिना सोन्याचा कधीच नसे. "सोनं सापडलं का मानूस घरी चालला जाते," तो म्हणायचा. "वस्तू अशी पाह्यजे का हातात आली, अन् आता काय कराव तेच समजत नाही." एकदा त्याने एक पायली ठेवली होती. तिने धान्य मोजलं की तेवढंच धान्य शेजाऱ्याच्या कणगीत वाढे, आपल्या नाही. ती मिळवायला आम्ही तीन रविवार झुंजलो, आणि मग आपला शेजारी कोण यावरून प्रवीण आणि युसूफ सर खरोखरचे भांडले, आठ दिवस बोलले नाहीत. भास्करला इतका खूश मी क्वचितच पाहिला.

तो पायाळू होता. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असं आपल्याकडे मानतात. तो लहान असताना वडिलांनी आणि काकांनी त्याच्या डोळ्यांत काजळ घालून त्याला शेतात फिरवलं होतं. उन्हाने जीव कासावीस झाला, घरी जायचं म्हणून त्याने एका बाभळीखाली बोट दाखवलं. दोन दिवस खोदल्यावर निघालं फुटकं जातं, आणि याला थोबाडीत बसली. हे सांगताना तो पोट धरून हसायचा. एकदाच हसला नाही. "बाबा अन् काकाचा वाटणीवरून अबोला होता गा," म्हणाला. "जातं निघेपावतर दोघं एका ताटात जेवले. मी तेच पाहून राह्यलो होतो..." त्यानंतर मी त्याच्या खजिन्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

तेरवीनंतर सविताने त्याची गोष्टी रचायची वही माझ्याकडे दिली. शेवटची गोष्ट अर्धी राहिली होती. आम्ही एका कोरड्या विहिरीत उतरत होतो. वहीत पायऱ्या होत्या, दारं होती, खजिन्याचं पान मात्र कोरं. खजिन्यापासून सुरुवात करणाऱ्या माणसाने या वेळी उलटं का केलं, मला त्याला विचारायचंय. रोज विचारायचंय. युसूफ सर म्हणाले, "पुरी कर तू ती. नाही त आपुन तिघं काही पुन्हा भेटत नाही." खरंच होतं ते. त्याच्याशिवाय आम्हाला एकमेकांच्या घरची वाटही नीट माहीत नव्हती.

मी जन्मात कधी खजिना रचला नव्हता. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. मागच्या रविवारी त्याच ओसरीवर बसलो आणि मी सांगितलं, विहिरीच्या तळाशी पाण्याने भरलेला तांब्या आहे. एक घोट घेतला की गेलेल्या माणसाचा आवाज एकदा स्पष्ट ऐकू येईल. त्यानंतर तो आवाज कधीच आठवणार नाही. प्रवीणने फासा उचलला आणि परत ठेवला. युसूफ सर चष्मा पुसत बसले. चहावर साय आली. मला भास्करला सांगायचं होतं की बघ, जमलं रे मला. तो नव्हता. मी वहीत बघत राहिलो.

सविता आतून येऊन दाराला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत खेळात ती एक शब्दही बोलली नव्हती.

"भाऊजी, तो तांब्या मले लागन," ती म्हणाली. "आज नाही. आज मले त्यायचा आवाज आठवते. झाकून ठेवा तेथीच... कोनाचा पाय लागू देऊ नका."

आम्ही आपापल्या पाळीला तेवढंच केलं. प्रवीणने तळाशी एक सपाट दगड शोधला, युसूफ सरांनी तांब्या त्यावर ठेवला, आणि मी झाकण घातलं.