तापमानाचा रकाना

हे बायकोला माहीत नाही. आई गेली, तिलाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर तोंड उघडलं असतं का? शंकाच आहे.

पनवेलजवळच्या एका डिस्टिलरीत मी लॅबमध्ये होतो. करंजाडेत तेव्हा इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या आणि आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं होतं. टाकीतल्या स्पिरिटची तीव्रता आणि तापमान रोज मोजून भरायचं, पुढचं गणित सॉफ्टवेअर करणार. तापमान कशाला? गरम स्पिरिट असतं त्यापेक्षा कडक दिसतं, तेवढा फरक वजा करावा लागतो. मला हे कॉलेजात शिकवलं होतं. काशिनाथदादांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं.

दादा जवळच्याच नेरे गावचे. टाक्यांच्या चाव्या त्यांच्याकडे असायच्या. सगळी हयात त्या टाक्यांपाशी काढली, पण थेंब कधी तोंडाला लावला नाही.

तापमानाच्या चौकोनात कालचा आकडा आपोआप यायचा. मी एंटर दाबून मोकळा. थर्मामीटर कोटाच्या खिशात — शोभेला. "साहेब, माल गरम हाय, जरा बघा ना," दादा म्हणायचे. आता कॉम्प्युटर बघतो दादा, असं म्हणून मी हसायचो. काय माज होता मला.

मे महिन्यात वरून तपासणी आली. त्यांनी थर्मामीटर घातलं. तीव्रता आमच्या नोंदीपेक्षा बरीच कमी निघाली. मॅनेजरांनी उभ्या उभ्या निकाल लावला — स्पिरिट काढून कुणीतरी पाणी घातलंय, आणि चावी कुणाकडे असते? कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, म्हणे. अरे, कॉम्प्युटरशी खोटं मी बोललो होतो. मॅनेजर एवढा शिकलेला माणूस, त्याला तापमान बघावंसं वाटू नये? अजून संताप येतो. पण त्याच्यावर चिडणं सोपं आहे, म्हणून मी त्याच्यावर चिडतो.

नोंदी छापून आणायला मलाच सांगितलं. पडद्यावर तापमानाचा रकाना — चोवीस, चोवीस, चोवीस. जानेवारीत एकदा मोजलेलं, ते मे महिन्यापर्यंत तसंच. कुणालाही कळलं असतं. छापताना कुठले रकाने घ्यायचे ते निवडता यायचं. मी तापमानापुढची खूण काढून टाकली.

हो, काढली. चुकून नाही, घाईत नाही. नीट बघून काढली.

दादांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. मॅनेजरांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, कागदावरून बोट फिरवत ते म्हणाले, "यात तापमान कुटं हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सिस्टीममधून एवढंच येतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून दादा कामावर नव्हते. गावात त्यांना दारूचोर म्हणायला लागले. आणि मी? मी रोज न चुकता थर्मामीटर बुडवायला लागलो. माझ्या काटेकोरपणाचं कौतुक झालं, बढती मिळाली. ते कौतुक मी हसत हसत घेतलं, याची मला किळस येते.

काही वर्षांनी कंपनीचं जेवण नेऱ्याच्या एका फार्महाऊसवर होतं. भर दुपारी फाटक उघडलं ते दादांनी, अंगात रखवालदाराचा शर्ट. मॅनेजरांनी ओळखलंही नाही. दादा माझ्या गाडीच्या काचेपाशी वाकले.

"आता तरी थर्मामीटर घालता ना, साहेब?"

मी मान डोलावली, काच वर केली आणि जेवायला आत गेलो.