बिलियर्डच्या कापडाखालचा हात

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच हाकलणारा मी माणूस! म्हणूनच हे लिहायची इतकी वर्षं टाळाटाळ केली. पण आता वय झालंय मंडळी, हसायचं तर खुशाल हसा...

संस्थानं विलीन होत होती त्या दिवसांतली गोष्ट. शेजारच्या एका छोट्या संस्थानाचा राजवाडा रिकामा झाला आणि तिथलं बिलियर्डचं टेबल आमच्या बुऱ्हाणपुरात, लालबागच्या क्लबात आलं. टेबल माझ्या आजोबांहून जुनं. शिसवी पाय, वर सपाट दगड, आणि दगडावरचं हिरवं कापड कसर लागून चिंध्या झालेलं. नवं कापड निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावातल्या शनवारा भागात आमचं कापडाचं दुकान होतं.

दुकान कसलं, जीव होता माझा! पण आप्पा, म्हणजे माझे वडील, कापसाचे दलाल. पोरगा कापड कमी दाखवतो आणि गप्पा जास्त मारतो, अशी त्यांची कायमची तक्रार. त्यांनी बजावलं, "हे काम बिघडलं ना पोऱ्या, तर दुकान बंद. देडतलाईच्या मळ्यात जाऊन केळी राख." मळ्यात मला एक दिवस करमत नसे.

आता गंमत बघा — क्लबात बिलियर्ड खेळलेला एकही माणूस नव्हता! टेबल दारातून आत कसं घ्यायचं यावरच मीटिंगा झालेल्या. अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, "अरे भाई, बुऱ्हाणपूरचं सूत असताना बाहेरचं कापड कशाला?" सगळ्यांना पटलं, मलाही. आम्ही सुतावरच वाढलेले लोक. विणकराकडून जाड दुसुती विणून घेतली, हिरवी रंगवली. रंग ताडून पाहायला दुकानातली हिरवी बनातही बरोबर घेतली. लोकरीचं जाड कापड ते, बँडवाल्यांच्या कोटांसाठी आणलेलं.

भर दुपारी क्लबात मी एकटा. दगडावर दुसुती पसरली, सुरकुती काढायला खाली हात सरकवला... आणि कुणीतरी माझी बोटं धरली!

इथं एक सांगायला हवं. तेव्हा कापसाच्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून बोलत. आप्पांच्या शेजारी बसून मी लहानपणीच ती भाषा शिकलो होतो. नापसंत असलं की बोटं झटकायची, पटलं की पंजा घट्ट धरायचा.

त्या हातानं माझी बोटं झटकली. चक्क नापसंती! कापड उचललं — खाली नुसता थंडगार दगड. दरदरून घाम फुटला. पण गिऱ्हाईक नाही म्हणालं की दुसरं कापड काढायची सवय हाडात मुरलेली! रामाचं नाव घेतलं, बनात पसरली, खाली हात घातला. आणि माझा पंजा असा घट्ट धरला गेला म्हणता... ऊबदार, मोठा, जित्याजागत्या माणसाचा पंजा. मी हात ओढला आणि थेट फाटकाबाहेर!

संध्याकाळी मीटिंगमध्ये म्हटलं, "दुसुती नको, बनात लावू." वकीलसाहेब भडकले, "कारण?" कारण काय सांगणार, कप्पाळ! "माझ्यावर सोडा, चुकलं तर दुकान बंद करतो," म्हणून अडून बसलो. शेवटी नाइलाजानं बनात लागली.

उद्घाटनाला खांडव्याहून खेळ जाणणारे एक पाहुणे आले. आप्पाही हजर. मी त्यांची नजर चुकवत उभा. पाहुण्यांनी बनातीवर तळहात फिरवला, चेंडू मारला. चेंडू सुळकन गेला, कडेला लागून अलगद परत आला. "वाह! मला धास्ती होती, सुताच्या गावात तुम्ही सुतीच ठोकाल. त्यावर चेंडू धड चालत नाही." वकीलसाहेबांनी लगेच माझ्या खांद्यावर हात टाकला, "हमारा लडका है!"

घरी आल्यावर आप्पांना खरं ते सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या हासडतील. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात आधी कुणी सोडला?"

"मी. ओढूनच घेतला."

"येड्या! सौदा पटल्यावर गिऱ्हाईकाचा हात असा हिसकतात का?" मग टोपी खुंटीला लावत म्हणाले, "दुकान तूच बघ. देडतलाईसाठी मी दुसरा माणूस शोधतो." मला आनंदानं रडूच कोसळलं.

पुढं मी टेबलाखाली वाकून, चाचपून पाहिलं. फट नाही, पोकळी नाही, काही नाही. तो हात कुणाचा, हे मला आजही सांगता येत नाही. जन्मभर दुकानात बसलो, गिऱ्हाइकं चिक्कार पाहिली... पण दोनच कापडं पाहून पसंती देणारं असं गिऱ्हाईक पुन्हा काही भेटलं नाही.