काकडीच्या घरात मधमाश्या

बाळांनो, काल तुमच्या आजोबांनी ग्राहक मंचात द्यायची तक्रार माझ्यापुढे टाकली. "इंग्रजीत लिही, जरा कडक." तक्रार बियाण्याच्या दुकानदारावर आहे. त्या भल्या माणसाचं नाव खराब व्हायच्या आत खरं काय झालं ते तुम्हाला लिहून टाकते.

खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर आजोबांनी महाराजपूरच्या प्लॉटवर पॉलीहाऊस उभारलं आणि संकरित काकडी लावली. जन्मभर तोफगोळ्यांची मापं तपासलेला माणूस, काकडीलाही पट्टी लावायचा. कागदपत्रं माझ्याकडे होती. बियाण्याबरोबर आलेलं इंग्रजी पत्रक मी नीट घडी करून फाईलला लावलं, वर लेबल चिकटवलं. वाचलं नाही. इंग्रजीत एम.ए. झालेल्या बाईला काकडीचं पत्रक काय शिकवणार?

फुलं आली. चहूबाजूंनी जाळी, आत एक मधमाशी नाही. मग फळ धरणार कसं? आजोबा सकाळी फिरायला गेले की मी दोन्ही जाळीदार दारं उघडी टाकायची, ते परतायच्या आत लावून घ्यायची. मधमाश्या माझ्याहून वक्तशीर निघाल्या.

काकड्या धरल्या त्या मानेशी बारीक, खाली फुगलेल्या, पोटात बियाच बिया.

"काहून अशा झाल्या गं ह्या?"

"अहो, तुमच्यावर गेल्या."

ते हसले नाहीत. तडक दुकानात गेले, मी मागोमाग.

दुकानदार म्हणाला, "दादाजी, बीज सही है। मधुमक्खी घुसी होगी।"

"मेरी जाली में? मच्छर नहीं घुसता!"

मी खतांच्या पोत्यांवरची नावं वाचत उभी राहिले.

घरी येऊन पत्रक उघडलं. दुसऱ्याच ओळीत होतं: या जातीला परागण लागत नाही, मधमाश्या आत येऊ देऊ नका, फळं वेडीवाकडी होतात. मी फाईल मिटली आणि तोंडही. दुकानदार मात्र तेव्हापासून आमच्या घरात चोर ठरला.

इथवर लिहिलं तोच आजोबा तक्रार मागायला आले. त्यांना हाच कागद वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि चपला पायात सरकवल्या.

"चलो. दुकानात जाऊन माफी तू मागशील. आणि हिंदीत. इंग्रजी बहुत झालं."

मागितली. दुकानदार इतका हसला की आजोबांनाही हसावं लागलं. तक्रार फाडून झाली आहे. पॉलीहाऊस उभं आहे, आणि दुकानदार अजूनही आम्हाला बियाणं द्यायला तयार आहे.