पलंगाखालची वायर

सविता कोहकडे रागीट बाई आहे, हे कारेगावात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या दुकानात सोलर, इन्व्हर्टर आणि वायरिंगची कामं होतात. त्याआधी अकरा वर्षं ती कंपनीत कंत्राटावर पॅनेल बोर्ड जोडायची. लाईनवरची नवी पोरं तिच्याकडून शिकून पर्मनंट झाली, आणि हिला एके दिवशी गेटवरच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. तेव्हापासून तिनं कुणाच्या हाताखाली काम केलं नाही.

माहेर तिचं वडगाव रासाईचं. तिथले बबनराव शेलार म्हणजे विकास सोसायटीचे माजी चेअरमन. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी एक जुनी सतरा सीटर मिनीबस घेतली. सीटा काढून आत पलंग, ओटा, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी बसवली. बायकोला, सरूबाईंना, देश दाखवायचा होता. गुडघ्यांमुळे त्यांना लॉजचे जिने चढवत नव्हते. टपावर सोलर बसवायचं ठरलं, आणि आबांनी सविताला बोलावलं. गावात सगळे त्यांना आबाच म्हणतात.

सविता दोन दिवस आली. टपावर चढून टेपनं माप घेतलं. सरूबाईंना शेजारी बसवून विचारलं, "मावशी, फ्रीज दिवसभर चालंल का? पंखं किती? मोबाईल किती जणांचं?" सगळ्याचा हिशोब करून तिनं कागदावर आखून दिलं: अडीचशे वॅटची दोन पॅनेलं, खाली दीड इंच फट ठेवून, म्हणजे हवा खेळेल आणि पॅनेल तापणार नाही. एक लिथियम बॅटरी. बॅटरी ते इन्व्हर्टर पस्तीस एमएमची जाड वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. खाली दोनदा रेघ मारून लिहिलं, एसी चालणार नाही.

आबांचा मुलगा स्वराज तो कागद बघून हसला. "ताई, एवढा खर्च करायचा आन् एसी न्हाई? मग काय उपयोग?"

"टपावर जागाच तेवढी हाय, स्वराज. एसी दोन तासांत बॅटरी खाऊन टाकंल."

"मी बघतो," तो म्हणाला. त्यानं कागदाचा फोटो काढला आणि पुन्हा फोन केला नाही. सविताला वाटलं, बेत रद्द झाला असेल. तिनं सोडून दिलं.

महिनाभरानं तिच्या भावाचा, हनुमंतचा, गावाहून फोन आला. "अगं, आबांच्या गाडीत जाळ झाला. सरूमावशी आत झोपल्या व्हत्या. आबांचा हात भाजला."

"आन् कसं झालं?"

"गावात म्हणत्यात, सविताचं काम हाय. तुझ्या नावाचा कागद स्वराजनं सगळ्यांना दाखवलाय. आपल्या हौसरावांनी पंपाचं सोलर तुझ्याकडं द्यायचं ठरवलं व्हतं ना, त्ये न्हाई म्हणाले."

सवितानं शटर खाली ओढलं, हत्यारांची पिशवी स्कूटीला अडकवली आणि चाळीस किलोमीटर न थांबता गेली. वाटेत नवऱ्याचा दोनदा फोन वाजला. तिनं घेतला नाही.

गाडी शेलारांच्या अंगणात उभी होती. आबा हाताला पट्टी बांधून खुर्चीवर, सरूबाई ओट्यावर, स्वराज फोनवर.

"गाडी उघडा," सविता म्हणाली.

"ताई, आधी चहा तर..."

"गाडी उघड!"

तिनं पलंगाखालचं फळकूट काढलं. प्लायवूड काळं पडलेलं, वायरचं प्लास्टिक वितळून लाकडाला चिकटलेलं. ती वायर तिनं कटरनं तोडली आणि बाहेर आणून आबांपुढं धरली. पेन्सिलीएवढीही जाड नव्हती.

"ही सहा एमएमची हाय, आबा. ही टपावरच्या पॅनेलपासनं खाली आणायला चालती. हिच्यावर एसी वढला. फ्यूज कुठंच न्हाई. बंद करायला स्विच न्हाई. कुणी केलं हे?"

स्वराज म्हणाला, "हायवेच्या एका वर्कशॉपवाल्यानं. पण प्लॅन तुमचाच दिलाय त्याला."

"माझा? काढ तो फोटो. काढ! वाच. पस्तीस लिहिलंय का सहा? एसीपुढं काय लिहिलंय?"

स्वराजनं फोनवर तो फोटो उघडला.

"वाच की मोठ्यानं. गावाला दाखवताना वाचलं न्हाईस का?"

शेजारचे दोघं-तिघं कुंपणाशी येऊन उभे राहिले. आबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोराकडनं चूक झाली, सविता. आता ताणू नकोस. तू नीट करून दे, झालं."

हे ऐकून तिचा राग आणखी भडकला. "माझं नाव गावभर केलं तवा ताणू नका कुणी म्हणालं का, आबा? तुमी चेअरमन व्हता. एक शब्द खरा बोलला असता तर पुरं व्हतं."

आबांनी मान वळवली. तेवढ्यात सरूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. त्यांनी ती वितळलेली वायर हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"माझ्या अंगाखाली हे ठिवलं व्हय रे?" त्या मुलाला म्हणाल्या. "आन् दोष हिला?"

"आई, तसं न्हाई..."

"फोन आण इकडं. गावाच्या ग्रुपवर बोलायचं कसं, ते दाबून दे."

स्वराजनं आबांकडं पाहिलं. मग त्यानं बटण दाबून धरलं. सरूबाई फोनला तोंड लावून ओरडल्यासारख्या बोलल्या, "मी सरूबाई शेलार बोलती. गाडी पेटली ती सविताच्या हातनं न्हाई. तिनं बरोबर लिहून दिलं व्हतं. आमच्या स्वराजनं ऐकलं न्हाई, दुसऱ्याकडनं केलं. ज्यानं त्यानं नीट ऐकावं." मग म्हणाल्या, "पाठव."

त्यानं पाठवलं.

सविता पुढच्या आठवड्यात चार दिवस येऊन काम करत होती. वर्कशॉपवाल्यानं सिलिकॉननं टपाला सपाट चिकटवलेली पॅनेलं सोडवताना एकाची काच गेली. ते नवं घेतलं. टपाच्या आडव्या पट्ट्यांत बोल्ट आवळून तिनं अँगल बसवले, प्रत्येक भोक सीलंटनं बुजवलं, वरून बादलीनं पाणी ओतून पाहिलं. स्वराज शिडी धरायला आला, तर ती म्हणाली, "लांब राहा." नट-बोल्ट सरूबाईच द्यायच्या. एसी खाली उतरला. जाड वायर पडली, फ्यूज लागला, आणि दाराजवळ लाल मुठीचा मोठा स्विच आला. सवितानं तो सरूबाईंकडून दहा वेळा बंद-चालू करून घेतला.

"वास आला, धूर दिसला, तर आधी हा. मग कुणाला तरी हाक."

"व्हय. आधी हा."

शेलार नवरा-बायको मार्चमध्ये कोकणात गेले. तिसऱ्या दिवशी सरूबाईंचा गुहागरहून फोन आला. दोन दिवस आभाळ होतं, तरी फ्रीजमधलं दूध नासलं नव्हतं. सविता हसली, बरं वाटलं म्हणाली. पण हौसराव पुन्हा पंपाचं काम घेऊन आले तेव्हा तिनं त्यांना पंधरा दिवस थांबवलं. आणि एका लग्नात स्वराज हात जोडून समोर आला, "ताई, झालं गेलं सोडा आता," तेव्हा तिनं त्याच्या हातांकडं पाहिलंसुद्धा नाही.

"झालं गेलं तुझं," ती म्हणाली. "तुझी आई मेली असती." आणि ती जेवणाच्या पंगतीकडं निघून गेली.

आता कुणी फोनवर म्हणालं की प्लॅनचा फोटो तेवढा पाठवा, तर ती दुकानात यायला सांगते. काहींना राग येतो, ते दुसरीकडं जातात. ती जाऊ देते.